मागचा भाग रस्त्यापेक्षा खाली असलेल्या प्लॉटवर पार्किंगच्या पावसाळी पाण्याचे नियोजन कसे करावे?

कोथरूडचा_सचिव (मूळ प्रश्न)

नमस्कार.

पुण्यात कोथरूड भागात आमच्या १६ सदनिकांच्या जुन्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू आहे. पायाचे काम संपले असून कॉलम जोत्याच्या वर आले आहेत, आणि पार्किंगच्या फरशीची पातळी येत्या महिनाभरात ठरवायची आहे. ही पातळी एकदा ठरली की पुढची पन्नास वर्षे तीच राहणार, म्हणून काँक्रीट पडण्याआधीच हा प्रश्न येथे मांडत आहे.

प्लॉट २४ मीटर रुंद आणि ४४ मीटर खोल, म्हणजे १,०५६ चौरस मीटरचा आहे. इमारतीखाली सुमारे ४३० चौरस मीटरचे स्टिल्ट पार्किंग येईल. समोर ९ मीटरांहून थोडी जास्त, दोन्ही बाजूंना साडेचार मीटर आणि मागे ६ मीटर मोकळी जागा आहे. समोर, मागे आणि डाव्या बाजूलाही गाड्या लावायच्या आहेत.

खरी अडचण पातळ्यांची आहे. रस्त्याची आमच्या बाजूची कड शून्य धरली, तर प्लॉटचा मागचा कोपरा ४० सेंटिमीटर खाली आहे. पूर्वी फाटकातून रस्त्यावर जाताना एक पायरी उतरावी लागत असे. दर काही वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर चढत गेल्यामुळे आता तेथेच एक पायरी चढावी लागते. महापालिकेच्या पावसाळी गटाराचे चेंबर समोरच्या डाव्या कोपऱ्यात असून झाकण उघडून मोजले असता त्याचा तळ रस्त्याच्या कडेपासून ९० सेंटिमीटर खोल भरला. स्टिल्टची फरशी रस्त्याच्या कडेपेक्षा १५ सेंटिमीटर उंच ठेवण्याचे नकाशात दाखवले आहे.

ठेकेदाराचे म्हणणे असे, की जमिनीचा नैसर्गिक ढाळ मागे आहे तर पाणी मागेच जाऊ द्यावे, तेथे एक चेंबर बांधावे आणि जमिनीखालून पाइप टाकून ते समोर महापालिकेच्या चेंबरमध्ये सोडावे. शिवाय मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसणार असल्याने निम्मे पाणी जागीच जिरेल, असेही ते सांगतात. खोदकामात वरचा मीटर-सव्वा मीटर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण लागला होता. पुनर्भरणाचा, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचा खड्डाही मागच्याच कोपऱ्यात दाखवला असून पार्किंगचे पाणी त्यातही सोडण्याचा विचार आहे. नकाशावर बाण भरपूर आहेत, पण पातळी एकाही बाणापाशी लिहिलेली नाही.

यातील किती बरोबर आहे, आणि काँक्रीट पडण्याआधी आम्ही नेमके काय ठरवून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नळस्टॉप

सर्वांत आधी एक सोपी गोष्ट करावी. जोराचा पाऊस तासभर पडून गेल्यावर महापालिकेच्या त्या चेंबरचे झाकण पुन्हा उघडून पाहावे. आत पाणी वाहताना दिसले तर उत्तम. तुंबून झाकणापर्यंत आलेले दिसले तर पुढचे सगळे हिशेब बदलतील. आमच्या गल्लीतले असे एक चेंबर पुढच्या कशालाच जोडलेले नव्हते, आणि हे आम्हाला आमचा पाइप जोडून झाल्यावर कळले.

निवृत्त_स्थापत्य

सचिव महोदय, आपण चेंबरचा तळ मोजून ठेवला आहे, हे फार चांगले केले. बहुतेक ठिकाणी हा आकडा सर्वांत शेवटी विचारला जातो, आणि तोपर्यंत उपाय उरलेला नसतो. पाण्याचे नियोजन जेथे पाणी पडते तेथून सुरू करायचे नसते. जेथे ते शेवटी सोडायचे आहे त्या तळापासून मागे मागे यायचे असते. तसा हिशेब केला, की ठेकेदाराची सूचना कागदावरच बाद होते.

मागच्या कोपऱ्याची जमीन उणे ४० सेंटिमीटरवर आहे. ज्या पाइपावरून गाड्या जाणार त्याच्या माथ्यावर किमान ४५ सेंटिमीटर भराव हवा, आणि आपल्या प्लॉटला साधारण २०० मिलिमीटर व्यासाचा पाइप लागेल. म्हणजे मागच्या टोकालाच पाइपाचा तळ उणे १०५ सेंटिमीटरवर जातो. महापालिकेच्या चेंबरचा तळ उणे ९० वर आहे. एक सेंटिमीटरही ढाळ देण्यापूर्वीच आपला पाइप ज्यात सोडायचा त्याच्याहून १५ सेंटिमीटर खाली गेला. हे पाणी पंपाशिवाय समोर येणार नाही, आणि पावसाळ्यात वीज नेमकी कधी जाते ते आपण सर्व जाणतोच.

पाणी किती, हेही पाहू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पुण्याचा वार्षिक पाऊस सातशे मिलिमीटरांच्या आसपास असला तरी गटाराचा आकार वार्षिक पावसावर ठरत नाही, तो दहा-पंधरा मिनिटांच्या सरीवर ठरतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याच्या पुराने काय केले, ते कोणी पुणेकर विसरला नसेल. काही तासांच्या पावसाचे ते काम होते. मुंबईची जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेली होती आणि १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड या पावसाळी निचऱ्याच्या अहवालाने ते प्रमाण ५० वर नेण्यास सुचवले. पण तो संपूर्ण शहराचा हिशेब झाला. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर सर्वांत लांबच्या कोपऱ्यातले पाणीही काही मिनिटांत तोंडाशी पोहोचते, म्हणून अशा ठिकाणी मी तासाला १०० मिलिमीटर धरतो. १,०५६ चौरस मीटर, १०० मिलिमीटर आणि त्यातला नव्वद टक्के भाग वाहून येणार असे धरल्यास सेकंदाला सुमारे २६ लिटर पाणी होते. गच्चीचे पाणी पुनर्भरणाकडे जाणार असले तरी ते यातून वजा करू नये, कारण खड्डा भरला की तेही याच गटारात येणार आहे.

आता उपाय. मागची पार्किंगची जागा नैसर्गिक पातळीवर न ठेवता भराव घालून उचलावी लागेल. स्टिल्टची फरशी अधिक १५ वर आहे. तिच्या कडेपासून मागे ४ मीटरपर्यंत साठास एक (६० सेंटिमीटरांत १ सेंटिमीटर) असा ढाळ दिल्यास कडेची पातळी अधिक ८ च्या जवळ येते. या कडेला ३० सेंटिमीटर रुंदीचे, वरून झाकलेले काँक्रीटचे गटार घ्यावे, ते सुरुवातीस २५ सेंटिमीटर खोल ठेवावे, मागच्या उजव्या कोपऱ्यातून डावीकडे न्यावे आणि तेथून डाव्या कुंपणाच्या कडेने समोर आणावे. एकूण लांबी सुमारे ६० मीटर भरेल. गटाराचा तळ उणे १७ वर सुरू होऊन चेंबरपाशी उणे ७५ वर येऊ शकतो, म्हणजे जवळजवळ शंभरास एक ढाळ मिळतो. या ढाळावर ३० सेंटिमीटर रुंदीच्या गटारात १० सेंटिमीटर पाणी वाहिले तरी सेकंदाला ३० लिटर निघून जातात. चेंबरचा तळ उणे ९० असताना मी उणे ७५ धरले ते मुद्दाम. महापालिकेच्या गटाराच्या तळाशी वाहणारे पाणी आपल्या तोंडात लगेच शिरू नये, एवढी उंची राखलेली बरी.

मागे उरलेली २ मीटरची पट्टी फरसबंद करू नये. ती आहे त्याच पातळीवर मातीची ठेवून झाडे लावावीत आणि पार्किंगच्या कडेला छोटी धरभिंत बांधावी. त्यामुळे शेजाऱ्यांच्या कुंपणभिंतीवर आपल्या भरावाचा दाब येणार नाही. उंच जमिनीवरचे पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीवर वाहू देण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये मान्य केलेला आहे, पण तो नैसर्गिक वाहण्यापुरता. फरसबंदी करून, पाणी एकत्र करून, भिंतीला भोक पाडून ते शेजारी सोडणे त्यात बसत नाही. त्या वाटेने कोणी सल्ला दिल्यास ऐकू नये.

पेव्हर ब्लॉकबद्दलही स्पष्ट सांगतो. नेहमीच्या ब्लॉकच्या सांध्यात बारीक वाळू असते, आणि वर्ष-दोन वर्षांत ती धूळ व तेलाने बुजते. खाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम आणि त्याखाली काळी माती असेल, तर जिरणार कोठे? थोडेफार पाणी आत गेलेच तर ते वाळूच्या थरात साचून राहते, गाडीच्या चाकाखाली वाळू सांध्यातून वर येते आणि ब्लॉक डुगडुगू लागतात. काळी माती तर ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. त्यामुळे ती पार्किंगखालून काढून मुरूम भरणे हा खर्च टाळू नये. पाणी खरोखर जिरवणारी फरसबंदी असते, परंतु तिच्याखाली बारीक चुरा अजिबात नसलेला खडीचा जाड थर लागतो आणि तिची दरवर्षी स्वच्छता करावी लागते. तशी न करता साध्या ब्लॉकच्या भरवशावर गटार लहान करणे धोक्याचे आहे.

साइटवरचा

वरील हिशेब मान्य आहे. परंतु मी तीस वर्षे ही कामे प्रत्यक्ष करून घेत आलो आहे, म्हणून एका ठिकाणी मतभेद नोंदवतो.

शंभरास एक ढाळाने आलेले गटार समोर पोहोचेपर्यंत ८३ सेंटिमीटर खोल होते. ३० सेंटिमीटर रुंद आणि ८३ खोल गटारात गाळ काढायला ना माणूस उतरू शकतो, ना त्याचा हात तळाला पुरतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत कोणी तरी बांबूने ढोसतो, तिसऱ्या वर्षी तेही बंद होते. म्हणून सुरुवातीचे ४० मीटर गटार ठेवावे, कारण तेथपर्यंत खोली ६५ सेंटिमीटर होते, आणि शेवटचे २० मीटर पाइप टाकावा. त्या खोलीवर पाइपाच्या माथ्यावर पुरेसा भराव मिळतो. पाइप जमिनीखालच्या ड्रेनेजसाठी बनवलेला, एसएन ८ या कडकपणाच्या वर्गाचा असावा. गच्चीवरून खाली आणायचा पातळ पाइप जमिनीत गाडू नये. वरून टँकर गेला की तो बसतो, आणि बसलेला पाइप दिसत नाही, फक्त पाणी मागे फिरलेले दिसते. गटार जेथे पाइपाला मिळते तेथे ६० सेंटिमीटर चौरस गाळचेंबर बांधून त्याचा तळ पाइपापेक्षा ३० सेंटिमीटर खोल ठेवावा आणि पाइपाच्या तोंडाला सहज काढता येणारी जाळी बसवावी. समोरच्या गुलमोहराचा पाला, दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या यांच्यापुढे सेकंदाला किती लिटर या हिशेबाला काही अर्थ उरत नाही.

दुसरे म्हणजे, आपल्या नकाशात गच्चीचे पाइप कोठे उतरतात ते जरूर पाहावे. बऱ्याच इमारतींत ते कॉलमच्या पायथ्याशी कोपर लावून तसेच फरशीवर सोडलेले असतात. ४३० चौरस मीटर गच्चीचे पाणी आपणच आपल्या पार्किंगमध्ये ओतायचे आणि मग पार्किंगमध्ये पाणी साचते अशी तक्रार करायची, असा तो प्रकार असतो. प्रत्येक पाइप खाली चेंबरमध्ये बंदिस्त उतरला पाहिजे.

फाटकाच्या आडवी जाळी टाकून रस्त्याचे पाणी अडवण्याची पद्धत मला पसंत नाही. टँकरच्या चाकाखाली ती वाकते, रात्री प्रत्येक गाडीगणिक खडखडते, आणि तळमजल्याजवळ राहणारे सभासद शेवटी तिच्यावर रबर टाकून ती बुजवतात. त्याऐवजी फाटकाच्या आत फरशी रस्त्याच्या कडेपेक्षा १५ सेंटिमीटर उंच उचलून उंचवटा करावा, जेणेकरून रस्त्याचे पाणी बाहेरच राहील, आणि उंचवट्याच्या आतला भाग आडव्या ढाळाने डावीकडच्या गटारात काढावा. जाळी टाळताच येत नसेल तर तिच्यावर भारवर्ग कोरलेला पाहून घ्यावा. नुसत्या मोटारी जातात तेथे बी १२५ चालेल. पाण्याचा टँकर जातो तेथे डी ४०० घ्यावा. पेव्हर ब्लॉकचेही तसेच आहे. मोटारींना ६० मिलिमीटर जाडी पुरते, टँकरच्या वाटेवर ८० हवी.

कोथरूडचा_सचिव

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी ठेकेदाराच्या पर्यवेक्षकाला सोबत घेऊन पाण्याच्या नळीने सर्व कॉलमवर अधिक १५ ची खूण करून घेतली. कागदावर १५ सेंटिमीटर वाचणे निराळे आणि कॉलमवर पेन्सिलची रेघ पाहणे निराळे. मागच्या बाजूला ती रेघ माझ्या गुडघ्याच्याही वर येते.

दोन शंका उरल्या आहेत. पहिली अशी, की पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी समोरच्या मोकळ्या जागेत आहे आणि तिच्या झाकणावरून गाड्या जाव्यात म्हणून ते फरशीशी समपातळीत ठेवण्याचे ठरले आहे. समोरचा भाग डावीकडे उतरता केल्यास ती टाकी नेमकी पाण्याच्या वाटेत येते. दुसरी शंका लिफ्टबद्दल आहे. लिफ्टचा खड्डा दीड मीटर खोल असून लिफ्टसमोरची जागा पार्किंगच्याच पातळीत दाखवली आहे.

ठाणेकर

टाकीच्या बाबतीत आम्ही जे भोगले ते सांगतो. आमच्या इमारतीतही झाकण फरशीच्या पातळीत होते. जुलैमध्ये एका सकाळी नळाला किंचित गढूळ पाणी आले आणि त्याला रॉकेलसारखा वास होता. टाकी उपसली तेव्हा झाकणाच्या चौकटीखालून आत उतरलेला काळपट ओघळ भिंतीवर स्पष्ट दिसत होता. झाकणाभोवतीचा रबर कडक होऊन तडकला होता, आणि पार्किंगमधले पाणी, इंजिनाच्या तेलासह, महिनाभर तरी थेंब थेंब आत जात असावे. त्या महिन्यात किती घरांत पोटाचे विकार झाले याची मोजदाद कोणी केली नाही.

नंतर आम्ही झाकणाची चौकट तोडून भोवती २० सेंटिमीटर उंचीचा काँक्रीटचा कठडा केला, त्यापायी दोन गाड्यांची जागा गेली आणि त्यावरून सर्वसाधारण सभेत तीन तास वाद झाला. आपल्याकडे अजून वेळ आहे. टाकी हलवता येत नसली तरी तिचे मनुष्यद्वार, म्हणजे आत उतरण्याचे तोंड, गाड्यांच्या वाटेबाहेर, कुंपणाच्या किंवा इमारतीच्या कडेला नेता येते. ढाळ असा काढावा की त्या भागातले पाणी टाकीपासून दूर जाईल. समोरच्या जागेचा सर्वांत उंच बिंदू टाकीवरच ठेवणे हा त्यातला सोपा मार्ग आहे. टाकीचा जादा पाण्याचा पाइपही पावसाळी चेंबरमध्ये थेट जोडू नये, नाहीतर चेंबर तुंबले की तेच पाणी उलट टाकीत येते.

लिफ्टसमोरची जागा पार्किंगपेक्षा किमान १५ सेंटिमीटर उंच हवी. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक उतार दिल्यास १५ सेंटिमीटरला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबी लागते. ती आताच नकाशात राखून ठेवावी, नंतर तेथे कोणाची तरी दुचाकी उभी असते. मीटरची खोली आणि विजेवरच्या गाड्यांचे चार्जिंगचे खोकेही त्याच विचाराने वर घ्यावे.

आपल्याकडे तळघर नाही हे आपले भाग्य. आमच्या तळघराच्या उघड्या रॅम्पवर फक्त १४४ चौरस मीटर पाऊस पडतो, पण तासाला १०० मिलिमीटरच्या सरीत तेवढ्यातूनच सेकंदाला ४ लिटर पाणी खाली येते. ५,००० लिटरचा खड्डा वीस मिनिटांत भरतो. दोन पंप आणि जनरेटर यांवर आमचा पावसाळा अवलंबून आहे.

जांभ्याचा_चिरा

मी रत्नागिरीचा. पुनर्भरणाच्या खड्ड्याबद्दल थोडे लिहितो, कारण आमच्याकडे आणि तुमच्याकडे जमीन अगदी उलट वागते. आमचा जांभा पाणी झपाट्याने पितो, म्हणून जूनमध्ये कोणताही खड्डा उत्तम चालतो. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस असल्याने ऑगस्टपर्यंत भूजल इतके वर येते, की तोच खड्डा विहिरीसारखा काठोकाठ भरलेला दिसतो. त्यामुळे आमच्याकडे शोषखड्डा हा गटाराला पर्याय असू शकत नाही. तुमच्याकडे काळ्या मातीत तो पहिल्या दिवसापासूनच जिरणार नाही. कारण निराळे, निष्कर्ष एकच.

निवृत्त_स्थापत्य

रत्नागिरीच्या सभासदांनी योग्य मुद्दा मांडला. त्यात भर एवढीच, की काळ्या मातीचा थर ओलांडून खड्डा मुरमात आणि झिजलेल्या खडकात नेला तर पाणी जिरते, आणि पाषाणाला भेगा असतील तर बोअरमधून त्याहून खोल जाते. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे, तेव्हा खड्डा करावयाचाच आहे. तो नुसता दाखला मिळवण्यापुरता नसावा. ४३० चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर वर्षाला सुमारे तीन लाख लिटर पाणी पडते, आणि बाष्पीभवन व पहिल्या सरींचे वाया जाणारे पाणी सोडले तरी अडीच लाख लिटर हाती लागते. टँकरच्या दराने याचा हिशेब सभेत मांडावा, सभासद लगेच ऐकतात.

परंतु त्या खड्ड्यात फक्त गच्चीचे पाणी, तेही गाळणीतून, सोडावे. पार्किंगच्या पाण्यात तेल, ब्रेकची धूळ आणि गाड्या धुतल्याचा साबण असतो. ते बोअरमध्ये सोडणे म्हणजे स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या भूजलात तेल मिसळणे होय. खड्डा मागच्या मातीच्या पट्टीत घेतला तर चालेल, मात्र तो पाया आणि कुंपणभिंत यांपासून दूर ठेवावा आणि त्याची नेमकी जागा संरचना अभियंत्याला दाखवून घ्यावी. खड्ड्याचे जादा पाणी खाली उरलेल्या पट्टीत न सोडता वरच्या गटारात यावे, यासाठी गाळणीचे चेंबर पार्किंगच्या पातळीवर ठेवून तेथूनच जादा पाण्याचा मार्ग काढावा.

साइटवरच्या मित्रांनी शेवटचे २० मीटर पाइप सुचवला, तो मला मान्य आहे. स्वच्छतेचा विचार मी कमी केला होता. २०० मिलिमीटरचा पाइप शंभरास एक ढाळावर पूर्ण भरून सेकंदाला सुमारे ३४ लिटर नेतो, म्हणजे २६ लिटरांना तो पुरतो, तरी मी २५० चा घेईन. दरात फरक किरकोळ आहे आणि खोदाई तेवढीच आहे. मात्र २५० घेतल्यास भराव ५ सेंटिमीटरांनी कमी होतो, म्हणून पाइपाभोवती काँक्रीटचे वेष्टण करून घ्यावे. आणि तो मैलापाण्याच्या चेंबरला चुकूनही जोडू देऊ नये. कामगाराला जवळचे चेंबर दिसते आणि तो तेथेच जोडून मोकळा होतो. मग पहिल्या मोठ्या पावसात पार्किंगमधली जाळी काय वर फेकते, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आता पातळीबद्दल शेवटचे. स्टिल्टची फरशी अधिक १५ ऐवजी अधिक ३० वर घेता येईल का, हे वास्तुविशारदांना आजच विचारावे. आपला रस्ता आणखी एक-दोनदा डांबराचा थर घेणार, हे पायरीच्या अनुभवावरून आपल्यालाच ठाऊक आहे. समोर ९ मीटर जागा असल्याने ३० सेंटिमीटर चढायला दहास एक या उताराने ३ मीटर पुरतात. इमारतीच्या मंजूर उंचीत ते बसत असेल, तर भरावाचा खर्च सोडून यात तोटा काही नाही. फरशी उचलली की गटाराची सुरुवातही तेवढीच वर येते आणि ढाळ आणखी मोकळा मिळतो.

साइटवरचा

एक सांगायचे राहिले. बिल देण्यापूर्वी पाण्याची चाचणी घ्यावी. १०,००० लिटरचा टँकर मागच्या उजव्या कोपऱ्यात उभा करून दहा मिनिटांत रिकामा करावा. सेकंदाला १७ लिटर होतात. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा टँकर मागवावा, पिण्याचे पाणी वाया घालवू नये. टँकर रिकामा झाल्यावर पंधरा मिनिटे थांबून जेथे जेथे डबके राहील तेथे खडूने गोल काढावा आणि छायाचित्र घ्यावे. पाच मिलिमीटरांहून खोल डबके असेल तो भाग उखडून पुन्हा बसवायचा, हे करारातच लिहावे. त्याआधी गटारात उरलेले सिमेंटचे पाणी घट्ट झाले आहे का, हे हात घालून पाहावे. गवंडी आपली घमेली त्यातच धुतात आणि तळाला दोन-तीन सेंटिमीटरांचा खडक तयार होतो.

गाळचेंबरच्या तळाशी एक बारीक भोक ठेवून खाली खडी भरावी. नाहीतर पाऊस थांबल्यावर तेथे उरलेल्या पाण्यात डास होतात आणि डेंग्यूच्या तपासणीला आलेले लोक सोसायटीलाच नोटीस देतात.

कोथरूडचा_सचिव

वास्तुविशारदांशी बोलणे झाले. अधिक ३० मंजूर उंचीत बसत नाही. अधिक २५ बसते, तेवढे घेण्याचे ठरले. सुधारित नकाशात प्रत्येक चेंबरपाशी तळाची आणि झाकणाची पातळी लिहून द्यायची, टाकीचे मनुष्यद्वार उजव्या कुंपणाकडे सरकवायचे आणि मागची २ मीटर पट्टी मातीची ठेवायची, हेही मान्य झाले. ठेकेदाराने पेव्हरखालची काळी माती काढण्याचा वेगळा दर मागितला आहे. तो द्यावा की नाही, यावर रविवारी सभा आहे.

नळस्टॉप यांच्या सूचनेप्रमाणे काल सायंकाळच्या सरीनंतर महापालिकेचे चेंबरही उघडून पाहिले. पाणी वाहत होते, पण तळापासून ४० सेंटिमीटर चढलेले होते. म्हणजे ते उणे ५० पर्यंत आले, आणि आमच्या पाइपाचे तोंड तर उणे ७५ वर येणार आहे.

निवृत्त_स्थापत्य

मग त्या तोंडाला उलट प्रवाह अडवणारी झडप बसवावी, आणि ती रस्त्यावरच्या चेंबरमध्ये न बसवता आपल्या फाटकाच्या आतल्या शेवटच्या चेंबरमध्ये बसवावी, म्हणजे सोसायटीच्या माणसाला ती उघडून साफ करता येईल. झडपेच्या हलत्या झाकणात पालापाचोळा अडकला की ती अर्धवट उघडी राहते, त्यामुळे तिच्या अलीकडे जाळी हवीच. रस्त्याचे पाणी चढलेले असताना झडप मिटलेली राहील आणि आपले पाणी आपल्याच पाइपात व गटारात थांबेल. मात्र ते मागे चढत जाऊन उणे ५० च्या वर आले, की आतला दाब रस्त्याकडच्या पाण्यापेक्षा जास्त होतो, झडप आपोआप उघडते आणि पाणी पुन्हा निघू लागते. अशा वेळी ते पाइपाच्या ढाळाने नव्हे तर आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतल्या फरकावर वाहते, म्हणून वेग कमी पडतो; २५० चा पाइप घ्या म्हणालो त्याचे हेही एक कारण समजा. फरशी अधिक २५ वर गेल्याने गटाराची कड अधिक १८ च्या आसपास येईल, म्हणजे त्या उणे ५० पासून पार्किंगपर्यंत आपल्याला ६८ सेंटिमीटरांची मोकळीक आहे. मागच्या बाजूचे गटार उणे ७ वर सुरू होत असल्याने रस्त्यावरचे ते पाणी तेथपर्यंत पोहोचत नाही.

काळ्या मातीचा दर द्यावा.